आखाजीच्या आगेमागे रीफ टँकवर चढणारा तपकिरी थर: दोष उन्हाचा नाही, वरून घालायच्या पाण्याचा

मार्च संपेपर्यंत रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, सगळं छान चाललेलं असतं. झोआ (फुलांसारखे उघडणारे मऊ प्रवाळ) टम्म उघडलेल्या, क्लाउन फिशची जोडी आपल्या कोपऱ्यात रमलेली, काच आठवड्यातून एकदा पुसली तरी पुरते. मग एप्रिलच्या मध्यावर, आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की वाळूवर धुळीसारखा तपकिरी रंग दिसू लागतो. काच सकाळी पुसावी तर संध्याकाळी परत तशीच. आठवडाभरात दगडांवर मऊ थर बसतो, लेदर कोरल हा मऊ प्रवाळ आपले पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत ओढून घेतो, झोआ अर्ध्या मिटतात. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की हळूहळू आपोआप ओसरतं. पुढच्या आखाजीला पुन्हा तेच.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या ज्या-ज्या मित्रांशी बोललो, त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलं आणि जवळजवळ सगळ्यांनी कारणही एकच दिलं: "आपल्याकडचं ऊन." मीही दोन उन्हाळे तेच धरून चाललो होतो. तिसऱ्या उन्हाळ्यात कारण सापडलं, ते इथे सविस्तर लिहितो, कारण या चुकीपायी माझे मशरूम प्रवाळाचे दोन मोठे गुच्छ गेले आणि ते वाचू शकले असते.

आधी माझा टँक सांगतो. जळगावात, दुसऱ्या मजल्यावर, दगड-वाळू वजा जाता संपसकट (खालच्या जोडटाकीसकट) साधारण १८० लिटर पाणी. आत झोआ, मशरूम, एक लेदर कोरल, दोन क्लाउन, एक रॉयल ग्रामा मासा, थोड्या गोगलगायी. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही आणि तुम्हीही कुणी देऊ केले तरी घेऊ नका. आपल्याकडचे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. मासे घेतानाही टँकमध्ये पैदास झालेलेच मागा.

आता मूळ मुद्दा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी तापमानाच्या मागे लागलो. वेव्हमेकर (पाणी घुसळणारा पंप) वाढवला, दिवे दोन तास कमी केले, पाण्यावर पंखे लावले. पंख्यांनी काम चोख केलं. बाहेर ४४ अंश असताना टँक २७ वर राहिला. तरीही थर आलाच, आणि तापमान आटोक्यात नव्हतं त्या वर्षीपेक्षा जास्त आला. इथे मला थांबून विचार करायला हवा होता. तापमान जर कारण असतं, तर तापमान धरून ठेवल्यावर थर कमी व्हायला हवा होता.

पंखे आपल्याकडे इतके का चालतात ते आधी समजून घेऊ, कारण गोम तिथेच आहे. पाण्यावरून कोरडी हवा वाहिली की पाणी उडतं आणि उडताना टँकमधली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की सुमारे ६७० वॅट-तास उष्णता बाहेर पडते. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, म्हणून तिकडचे लोक चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्यायला सांगतात आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोन छोटे बारा व्होल्टचे पंखे आणि एक थर्मोस्टॅट एवढ्यावर भागतं. मेअखेरच्या नवतप्यातसुद्धा. त्यामुळे आपल्याकडे चिलरवर तीस-चाळीस हजार घालण्याआधी पंखे लावून पाहा असंच मी सांगेन.

पण या थंडाव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. डिसेंबरात माझा टँक दिवसाला दीड लिटर पाणी पितो. मे महिन्यात साडेपाच, कधी सहा. उडतं ते शुद्ध पाणी. मीठ, नायट्रेट, सिलिका सगळं मागे टँकमध्येच राहतं. आपण वरून जे पाणी घालतो त्यातून जे काही येतं, त्याला बाहेर जायला वाटच नसते. म्हणजे उन्हाळ्यात आपण टँकमध्ये रोज जवळजवळ चौपट पाणी ओततो आणि त्यातलं न दिसणारं सगळं साठवत जातो. इतके दिवस मी रोज तापमान वहीत लिहीत होतो. वरून किती पाणी घातलं हे एकदाही लिहिलं नव्हतं. ज्या दिवशी दोन्ही रकाने शेजारी मांडले त्या दिवशी चित्र उघडं पडलं.

"पण मी तर आरओचं पाणी घालतो!" हे मीही म्हणायचो. स्वयंपाकघरातल्या आरओचं, भरवशाचं, घरातले सगळे पितात ते. तिथेच घात होता.

एका एप्रिलमध्ये आरओचे फिल्टर बदलायला नेहमीचे दुरुस्तीवाले काका आले होते. मी ओट्याशी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवणारं यंत्र) घेऊन उभा, चेहरा पडलेला. "काय व्हयनं भो?" त्यांनी विचारलं. मी ग्लासातलं पाणी मोजून दाखवलं: २४८. "मेम्ब्रेन गेली वाटतं, काका." त्यांनी मशीनचं झाकण काढलं, मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, नळीतून थेट निघणारं पाणी वाटीत धरलं आणि म्हणाले, आता मोज. २२. मेम्ब्रेन ठणठणीत होती. मग त्यांनी मागच्या बाजूला अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान एक पांढरी चावी दाखवली. मेम्ब्रेनमधून आलेल्या स्वच्छ पाण्यात थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळायची ती चावी, टीडीएस कंट्रोलर. "चवीसाठी राहते," काका म्हणाले, "निव्वळ आरओचं पाणी लोकांना फिकं लागतं." पिण्यासाठी ते योग्यच आहे. माझ्या टँकसाठी तेच विष होतं.

आता हे फक्त उन्हाळ्यातच का भोवतं, ते बघा. ती चावी एक ठरावीक प्रमाण मिसळते. हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत वाघूर धरणाचं, महानगरपालिकेच्या नळाचं पाणी असतं. ते मोजलं तर २६० च्या आसपास, आणि चावीतून मिसळून आलेलं ६०. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याचे दिवस लांबतात, मग सोसायटी बोअर चालू करते. बोअरचं पाणी टाकीत मिसळलं की टाकीतलं पाणी ११०० वर जातं. चावी तीच, प्रमाण तेच, पण आरओच्या नळाला आता २५० येतात. ग्लासात ते पाणी तितकंच स्वच्छ दिसतं, चवीला उलट बरं लागतं.

हिशेब करा. हिवाळ्यात रोज दीड लिटर गुणिले ६०, म्हणजे ९० मिलिग्रॅम. मे महिन्यात साडेपाच लिटर गुणिले २५०, म्हणजे १३७५ मिलिग्रॅम. पंधरा पट! आणि हे रोज, सलग साठ-सत्तर दिवस.

त्यात काय-काय असतं हेही महत्त्वाचं आहे. आपला बराचसा खानदेश काळ्या दगडावर, बेसाल्टवर बसलेला आहे, आणि बेसाल्टमधल्या भूजलात सिलिका भरपूर असते. तपकिरी थर धरणाऱ्या डायटमना (एक सूक्ष्म शेवाळ) आपलं कवच बांधायला सिलिकाच लागते. आपण रोज त्यांच्या घरासाठी विटा पोचवत असतो. दुसरा नायट्रेट. केळी-कपाशीच्या शेतांत पडलेल्या खतातला नायट्रेट झिरपून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. समजा तुमचं बोअर बरोबर त्या मर्यादेवर आहे आणि तुम्ही ते थेट टँकमध्ये घालता. दोन महिन्यांत ३०० लिटर घातलं तर साडेतेरा ग्रॅम नायट्रेट आत गेला. १८० लिटरच्या टँकमध्ये तो लिटरमागे ७५ मिलिग्रॅमची भर घालतो. माणसाला पिण्यालायक असलेलं पाणी रीफ टँकला चालेलच असं नाही, हे मला या आकड्याने पटलं.

तेव्हा पहिलं काम: पाचशे रुपयांच्या आतला साधा टीडीएस मीटर घ्या आणि तीन ठिकाणचं पाणी मोजा. टाकीतलं, मेम्ब्रेनच्या नळीतून थेट आलेलं, आणि पिण्याच्या नळाचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात मोठी तफावत असली तर चोर सापडला. काही मशीनमध्ये चावीऐवजी मिनरलचं कॅट्रिज असतं, परिणाम तोच.

चावी पूर्ण बंद करायची गरज नाही, घरच्यांची चव बिघडवू नका. मी काकांकडून मेम्ब्रेनच्या नळीवर, कच्चं पाणी मिसळायच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा कॉक बसवून घेतला. तिथून नळी निघते ती उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या कॅट्रिजमध्ये आणि तिथून झाकणाच्या डब्यात. रेझिननंतर आकडा शून्य यायला हवा. जारवाल्याचं पाणी, म्हणजे वीस लिटरचा थंड जार, मोजल्याशिवाय घालू नका. त्यातही चवीपुरतं मिसळलेलं असतं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी शुद्ध दिसतं, पण ते तांब्याच्या कॉइलवरून आलेलं असतं, आणि गोगलगायी-कोरलना तांबं अजिबात सोसत नाही.

हे सगळं करूनही थर राहिला तर आणखी दोन गोष्टी तपासा. या दोन्ही मला उशिरा कळल्या.

पहिली लाईटशी जोडलेली आहे. आरओ बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन बाजूंचं पाणी हळूहळू एकसारखं होऊ लागतं, क्षार पलीकडे झिरपतात. म्हणून मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी खराब असतं. माझ्याकडे पहिल्या मिनिटाला ९० आणि पाच मिनिटांनी २२. दिवसातून एकदा मशीन चालली तर हे सोसतं. पण उन्हाळ्यात लाईट दिवसातून सहा वेळा ये-जा करते, प्रत्येक वेळी मशीन नव्याने सुरू होते आणि प्रत्येक वेळी ते पहिलं खराब पाणी रेझिनवर आदळतं. रेझिन सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांत संपतं. उपाय सोपा आहे: टँकचं पाणी एकाच बैठकीत भरा. कॉक उघडा, पहिली पाच मिनिटं बादलीत जाऊ द्या, मग डबा लावा. ८० जीपीडीची (दिवसाला ८० गॅलन देणारी) मेम्ब्रेन तासाला साधारण दहा-बारा लिटर देते, म्हणजे दोन दिवसांचं काम एका तासात उरकतं. वाया जाणारं पाणी मी टाक्यात साठवतो, फरशी आणि संडासाला वापरतो. मे महिन्यात आपल्याकडे पाणी ओतून देणं जिवावर येतं आणि यायलाच हवं.

दुसरी गोष्ट रेझिनची. संपत आलेलं रेझिन सगळ्यात आधी सिलिका सोडू लागतं, आणि सिलिका टीडीएस मीटरला दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतो, तपकिरी थर वाढत जातो, माणूस वेडा होतो. मीटर शून्य असूनही काचेवर धुळीसारखा थर येत असेल तर रेझिन बदलून पाहा. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर पाऊण कॅट्रिजचा रंग पालटला की लगेच बदला, पूर्ण संपायची वाट पाहू नका.

आता एक सावधगिरी. प्रत्येक तपकिरी थर डायटमचा नसतो, आणि इथे चुकलं तर उपाय उलटतो. डायटम धुळीसारखे असतात, बोटाने पुसले की पाण्यात धूर होऊन उडतात. सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, गडद लालसर किंवा काळपट हिरवा, सायीसारखा. कडेला धरला की पापुद्रा होऊन उचलला जातो. डायनोफ्लॅजेलेट (डायनो) हे एकपेशीय जीव सगळ्यात वाईट: शेंबडासारखे तंतू, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री दिवे गेले की वाळू जवळजवळ स्वच्छ आणि दुपारी परत भरलेली. शंका आली तर तो थर थोड्या टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा तंतू जुळून आले तर ते डायनो. ते बहुतेक वेळा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टँकमध्ये येतात. अशा वेळी पाणी बदलत राहिलात तर आग आणखी भडकते. खाणं थोडं वाढवून नायट्रेट पाचच्या आसपास आणावा लागतो. म्हणून आधी ओळखा, मग हात लावा.

डायटम किंवा सायनो असेल आणि वरच्या पाण्यात दोष सापडला असेल तर क्रम असा. सगळ्यात आधी खराब पाणी थांबवा. त्याआधी केलेली सगळी सफाई वाया जाते. मग आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला, मीठ अर्थातच शून्य टीडीएसच्या पाण्यात कालवलेलं. वाळूचा वरचा पातळ थर नळीने ओढून घ्या, खाली खोदू नका. सगळे दगड एका दिवशी घासू नका. बाजारातली शेवाळ मारायची औषधं टाकू नका, मेलेलं शेवाळ त्याच पाण्यात कुजतं. मला पूर्ण फरक दिसायला पाच आठवडे लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात काहीच होत नाही असं वाटून हात शिवशिवत होते. तेव्हा थांबलो हे बरं झालं.

खारटपणाबद्दल थोडं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून वरून नेहमी गोडं पाणीच घालायचं. हे माहीत असूनही एखादा लग्नाला तीन दिवस बाहेरगावी जातो आणि टँक तसाच राहतो. पाच लिटर रोज धरले तर १८० चे १६५ लिटर होतात आणि खारटपणा (हजार भागांत मीठ किती) ३५ वरून ३८ च्या पुढे जातो. परत आल्यावर पंधरा लिटर एकदम ओतलं तर दुसरा धक्का. असं झालं तर दोन दिवसांत, दर काही तासांनी थोडं-थोडं घाला. फ्लोटवर चालणारा ऑटो टॉप-अप असेल तर उत्तमच, मात्र त्याची नळी पाण्यात बुडवून ठेवू नका, लाईट जाऊन पंप थांबला की ती उलटा सायफन धरते. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर नाही, ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्या.

कूलरबद्दल मला बरेच जण विचारतात. कूलरचा झोत थेट टँकवर नको. त्याच्या तुषारांतून बोअरचे क्षार थेट टँकमध्ये येतात. पण टँक कूलरच्या खोलीत असणं चांगलं आहे, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. खोली कूलरने थंड झाली की टँकपर्यंत कमी उष्णता पोचते, त्याचे पंखे कमी फिरतात, त्याचं पाणी कमी उडतं. माझं दिवसाला सहावरून साडेतीन लिटरवर आलं. जे पाणी उडायचं ते कूलरच्या वाळ्यातून, बोअरचंच, फुकट उडू द्यावं. आपलं मोजूनमापून गाळलेलं पाणी वाचतं. खिडकी बंद ठेवली तर मात्र खोली दमट होते आणि पंखे हात टेकतात. तसंच जूनअखेर हवा दमट झाली की पंख्यांचा जोर ओसरतो. त्या दोन आठवड्यांत मी दिवे दुपारऐवजी संध्याकाळी सातनंतर लावतो.

आणि रात्री लाईट गेली तर काय? मिटलेल्या कोरलपेक्षा मला ही भीती जास्त वाटते. ३५ खारटपणाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरला सुमारे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम सव्वासहा. म्हणजे उन्हाळ्यात आधीच शिल्लक कमी, त्यात रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं, आणि पंप थांबले की पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर घ्या, तोही पृष्ठभाग हलेल असा वर वळवून. दिवे, स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) काही नको. इन्व्हर्टर साइन वेव्ह नसेल तर साधे एसी पंप त्यावर घरघरतात आणि तापतात, तेव्हा डीसी वेव्हमेकर बरा. शिवाय लाईट गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप संपच्या शेजारी टांगून ठेवा.

टॉप-अपचा डबा, त्यावर दोरीने बांधलेला टीडीएस मीटर आणि शेजारी वही, असं आता माझ्या टँकखाली असतं. प्रत्येक वेळी डबा भरला की तारीख, लिटर आणि आकडा. गेल्या आखाजीच्या पानावर लिहिलंय: साडेतीन लिटर, शून्य, टँक २६.८, लेदर पूर्ण उघडा.